हाताने कातलेलं सूत आणि क्रोशाची सुई: पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी

साखळी, मुका खांब आणि खांब येतात, दुकानातल्या अ‍ॅक्रिलिकच्या गोळ्यांचे दोन-चार रुमाल, एखादं तोरण, भाचीचं टोपडं करून झालंय आणि आता चरख्यावरच्या सुताचं किंवा घोंगडीच्या लोकरीचं काहीतरी विणावंसं वाटतंय, अशांसाठी हे लिहिते आहे. क्रोशा मुळातच शिकायचा असेल तर आधी दुकानातल्या साध्या दोऱ्यावर हात बसू द्या. दोन नवी कामं एकदम अंगावर घेतली की चुकतंय ते सूत की हात, हेच कळत नाही.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. सवयीने आपण आधी नमुना पसंत करतो आणि मग त्यात लिहिलेला दोरा शोधत फिरतो. हाताने कातलेल्या सुतापुढे हा क्रम चालत नाही. त्यावर सुईचा नंबर छापलेली कागदी पट्टी नसते, जाडी लडीगणिक बदलते आणि पीळ किती, कुठल्या बाजूला, हे कातणाऱ्याच्या हातावर असतं. म्हणून आधी सूत हातात घ्यायचं, ते मोजायचं, मग सुई ठरवायची. नमुना सगळ्यात शेवटी.

काय काय लागेल

- सूत: सुती असेल तर निदान दोन गुंड्या (सुताच्या लडी), लोकर असेल तर पाव किलो
- क्रोशाच्या सुया: ३, ४ आणि ५.५ किंवा ६ मिलिमीटर (पुण्यात तुळशीबाग, रविवार पेठ भागात सहज मिळतात)
- ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला वजनकाटा
- फूटपट्टी आणि मोजपट्टी
- पीळ घालायला तकली किंवा पेटी चरखा
- लड चढवायला फाळका. नसेल तर पाठीला पाठ लावून ठेवलेल्या दोन खुर्च्या
- धुण्याचा सोडा (सुतासाठी), रिठे (लोकरीसाठी)
- बोथट टोकाची मोठी सुई, धाग्याची टोकं लपवायला

पेटी चरखा विकत घेण्याची घाई करू नका. पदर घालण्याचं, म्हणजे अनेक धागे एकत्र पिळून एक दोरा करण्याचं काम तकलीवर होतं, फक्त वेळ जास्त जातो.

१. कुठलं सूत घ्यायचं ते ठरवा

सुरुवातीला सुती घ्या. खादीचं सूत गुंडीच्या रूपात मिळतं आणि एक गुंडी १००० मीटरची असते. शहरातल्या चकचकीत खादी दुकानांत कापडच असतं, सूत मागितलं तर विक्रेते गोंधळतात. खादी उत्पादन केंद्राकडे विचारा. वर्धा-सेवाग्राम भाग यासाठी चांगला. तिकडे जाणारच असाल तर वर्ध्यातलं १९३८ सालचं मगन संग्रहालयही बघून या, चरख्यांचे किती प्रकार होऊन गेले ते तिथे दिसतं.

लोकरीत आपल्याकडची म्हणजे दख्खनी मेंढीची. सांगली, सातारा, सोलापूर, कोल्हापूरकडचे धनगर ही मेंढरं पाळतात, त्यांची लोकर कातून सनगर समाजाचे विणकर घोंगडी विणतात. ही लोकर राठ असते, टोचते. कोणी कितीही सांगितलं तरी तिचं बाळाचं टोपडं करू नका, मफलरही नको. तिचं खरं काम आसन, पिशवी, पायपुसणं आणि गरम भांड्याखाली ठेवायच्या चकत्या. लोकर सहज पेट घेत नाही आणि वितळत तर नाहीच, त्यामुळे चकत्यांना तिच्यासारखं दुसरं काही नाही. विणकराकडून लोकर घेताना एक विचारून घ्या: खळ लावलेली आहे का? घोंगडीच्या ताण्याला चिंचोक्याची खळ देतात आणि तसा कडक धागा सुईवर नीट वळत नाही. खळ न लावलेला मागा.

अंगावर घालायचं काही करायचं असेल तर आसामचं एरी रेशीम. एरीचा कोष एका टोकाला उघडा असतो, त्यामुळे त्यातून सलग तार निघत नाही आणि ते कापसासारखं कातावंच लागतं. म्हणूनच ते मऊ, किंचित लोकरीसारखं होतं आणि सुईवरून फारसं घसरत नाही. महाग आहे, तेव्हा हात बसल्यावर घ्या.

काथ्या आणि घायपाताने सुरुवात अजिबात नको. बोटं सोलून निघतात.

२. सूत खरंच हातचं आहे का, ते तपासा

इथे नवखे हमखास फसतात. 'हातमागाचं सूत' म्हणून जे विकतात ते बहुतेक वेळा गिरणीत कातलेलं असतं. हातमाग हा विणण्याचा मामला, कातण्याचा नव्हे. कायद्याच्या व्याख्येनुसार खादी म्हणजे हाताने कातलेल्या सुताचं हातमागावर विणलेलं कापड, त्यामुळे खादी केंद्रातलं सूत हातचं असणार हे गृहीत धरता येतं. बाहेर घ्याल तेव्हा वीतभर सूत उजेडाकडे धरून बघा. तकली किंवा पेटी चरख्यावरच्या सुतात जाड-बारीक भाग दिसतात. अंबर चरख्यावरचं सूत मात्र बरंच एकसारखं असतं, त्यामुळे सूत एकसारखं दिसलं म्हणून लगेच संशय घेऊ नका.

धागा नैसर्गिक आहे का, हे जाळून कळतं. छोटं टोक चिमट्यात धरून, खाली पाण्याची वाटी ठेवून पेटवा. सूत कागदाच्या वासाने जळतं आणि मऊ राख उरते. लोकर केस जळल्याच्या वासाने धुमसते, आपोआप विझते आणि काळी गुठळी बोटाने चुरडली जाते. अ‍ॅक्रिलिक वितळतं आणि त्याचा टणक मणी होतो. 'शुद्ध लोकर' म्हणून घेतलेल्या गोळ्याचा असा मणी होताना बघणं फार शिकवून जातं.

३. मोजा

गुंडीचं वजन करा. खादीत सुताचा क्रमांक म्हणजे एका किलोत बसणाऱ्या १००० मीटरच्या गुंड्या. ३३ क्रमांकाच्या ३३ गुंड्यांचा किलो होतो, म्हणजे एक गुंडी साधारण ३० ग्रॅमची. तुमची गुंडी ३० ग्रॅम भरली तर सूत ३३ क्रमांकाचं, ५० ग्रॅम भरली तर २० क्रमांकाचं आणि जाड.

हे सूत विणकामाच्या मानाने फार बारीक असतं. एकेरी ३३ क्रमांकावर क्रोशा करायला बसलात तर डोळे जातील आणि रुमाल पुढच्या दिवाळीला होईल. म्हणून पदर घालायचे. हिशेब सोपा आहे. आठ पदर घातले की १००० मीटरचे १२५ मीटर उरतात, वजन तेवढंच, ३० ग्रॅम. म्हणजे १०० ग्रॅमला ४०० मीटरच्या आसपास, मोजे विणायच्या बारीक लोकरीएवढी जाडी. प्रत्यक्षात पिळात लांबी थोडी आटते, तेव्हा ११० ते ११५ मीटर धरून चाला.

लोकर बहुधा पुरेशी जाड असते, तिला दोन पदर खूप झाले. तिची लांबी मोजण्यापेक्षा फूटपट्टीवर वेढे घ्या: धागा न ताणता, शेजारी शेजारी गुंडाळा आणि एका इंचात किती वेढे बसले ते मोजा. हे तीन-चार ठिकाणी करा. हातच्या धाग्यात एकाच लडीत ८ आणि ११ असे दोन्ही आकडे येऊ शकतात, मधला धरायचा.

४. पदर आणि पीळ

सगळा खेळ इथे आहे, त्यामुळे जरा सविस्तर.

आधी पिळाची दिशा ओळखा. धागा उभा धरा. पिळाच्या तिरक्या रेघा खालून डावीकडून वर उजवीकडे जात असतील तर तो झेड पीळ, इंग्रजी अक्षराच्या मधल्या दांडीसारखा. उलट जात असतील तर एस. तकली वरून बघताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवली तर झेड होतो, उलटी फिरवली तर एस. कातलेलं एकेरी सूत बहुतेक झेड असतं, पण बघून खात्री करा.

आता हे क्रोशाला का महत्त्वाचं? उजव्या हाताने विणणारे आपण सुईवर दोरा घेऊन ओढतो तेव्हा प्रत्येक टाक्याला दोऱ्याचा पीळ जरासा फिरतो. शेवटचा पीळ एस असेल तर तो हळूहळू सुटतो, पदर वेगळे होतात आणि सुईचं टोक नेमकं दोन पदरांच्या मधे शिरतं. शेवटचा पीळ झेड असेल तर उलट तो आवळत जातो, टाका गोल आणि स्पष्ट दिसतो. दोन सुयांवर विणायची लोकर बहुधा एस पिळाची असते. तीच क्रोशाला घेतली की दोरा फुटतो, अशी तक्रार ऐकू येते, त्यातल्या बऱ्याच तक्रारींचं मूळ इथे असतं. डावखुऱ्यांनी हे सगळं उलट वाचावं.

एकेरी सूत झेड असेल आणि आठही पदर एकदम उलट पिळात घातले तर शेवटचा पीळ एस होतो, म्हणजे नको तोच. त्यावर उपाय दोन टप्प्यांत पीळ घालण्याचा:

पहिला टप्पा: एकेरी सुताचे चार पदर एकत्र घेऊन एस पीळ, तकली उलटी फिरवून. असे दोन धागे करा. इथे पीळ जरा जास्तच घाला. धागा सैल सोडला की त्याने स्वतःभोवती वळवळलं पाहिजे.

दुसरा टप्पा: हे दोन धागे एकत्र घेऊन झेड पीळ, तकली घड्याळाच्या दिशेने. पहिल्या टप्प्यातला जादा पीळ इथे खर्च होतो आणि दोरा स्थिर होतो.

झालेला दोरा हातभर सोडून त्याची दोन्ही टोकं एकत्र धरा. मधला भाग सरळ झोळीसारखा लोंबला तर पीळ बरोबर. एक-दोन वेढे घेत असेल तरी चालेल, धुण्यात ते बसतात. भराभर गुंडाळी होत असेल तर दोरा उलट दिशेने तकलीवरून पुन्हा काढा.

लोकरीलाही हाच नियम. दोन पदर घालायचे आणि शेवटचा पीळ झेड हवा, तर एकेरी धागा एस असायला हवा. स्वतः कातत असाल किंवा कातणारी बाई ओळखीची असेल तर तसं सांगता येतं. नाहीतर एस पिळाचा दोरा घ्या, पण पीळ घट्ट ठेवा आणि टाके लहान ठेवा. एकेरी लोकर थेट विणू नका. तिच्यात पीळ कोंडलेला असतो, चौकोन तिरका जातो आणि गोल चकती कडेला मुरडते. इस्त्रीनेही सरळ होत नाही.

पदर घालताना गुंता टाळायचा तर लड फाळक्यावर किंवा खुर्च्यांवर चढवल्याशिवाय तिच्या गाठी कापू नका. चढवल्यावर आधी ती गाठ सोडा जिच्यात सुताची दोन टोकं बांधलेली असतात. बाकीच्या आडव्या बांधण्या नंतर. प्रत्येक पदराचा वेगळा गोळा करून वेगवेगळ्या तांब्यात किंवा वाटीत ठेवा. एकाच टोपलीत चार गोळे टाकलेत तर संध्याकाळ गुंता सोडवण्यात जाईल.

५. दोऱ्याला पाणी दाखवा

पीळ घातलेला दोरा लगेच विणायला घेऊ नका. त्याची पुन्हा लड करा, चार ठिकाणी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी सैल बांधा.

सुती: एका लिटर पाण्याला एक चहाचा चमचा धुण्याचा सोडा घालून अर्धा ते पाऊण तास उकळा. पाणी पिवळट-तपकिरी होतं. घाबरू नका, कापसातलं मेण आणि मळ निघतो आहे. ते निघालं नाही तर तुमचा पुसायचा रुमाल पाणी शोषायच्या ऐवजी पसरवत राहील. मग स्वच्छ पाण्यातून काढा, झटका आणि वाळत घाला.

लोकर आणि रेशीम: सोडा चुकूनही नको, क्षाराने दोन्ही खराब होतात. रिठ्याच्या कोमट पाण्यात बुडवून ठेवा, चोळू नका. पाणी बदलताना आधीच्याइतकंच कोमट घ्या. गरम-गार आणि चोळणं एकत्र आलं की लोकर नमद्यासारखी घट्ट होते. ओली लोकर कमजोर असते, तेव्हा पिळून नव्हे तर टॉवेलात गुंडाळून दाबून पाणी काढा. सुताचं उलट आहे, ते ओलं असताना जास्त मजबूत.

६. सुई आणि नमुन्याचा तुकडा

इंचात १४-१५ वेढे बसणाऱ्या दोऱ्याला ३ मिलिमीटरपासून सुरुवात करा, ११-१२ वेढ्यांना ४, आणि ८-९ वेढे बसणाऱ्या लोकरीला ५.५ किंवा ६. ही फक्त सुरुवात आहे, शेवटचा शब्द तुकड्याचा.

तुकडा मुक्या खांबांचा करा (सुई टाक्यात घालून दोरा काढायचा, मग पुन्हा दोरा घेऊन दोन्ही फासांतून एकदम काढायचा, तो मुका खांब). दहा बाय दहा सेंटिमीटर भरेल एवढा. मोजा, धुवा, वाळवा, पुन्हा मोजा. सुती तुकडा आटलेला दिसेल. किती आटला ते वहीत लिहा, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावर. तुकडा पुठ्ठ्यासारखा झाला असेल तर सुई अर्धा मिलिमीटर मोठी घ्या. पलीकडचा उजेड दिसत असेल तर लहान.

हाच तुकडा काट्यावर ठेवा. समजा तो ७ ग्रॅम भरला. वीस बाय वीसचा रुमाल म्हणजे असे चार तुकडे, २८ ग्रॅम. तीस ग्रॅमच्या एका गुंडीत रुमाल कसाबसा होईल, कड घालायला उरणार नाही. म्हणून यादीत दोन गुंड्या लिहिल्या आहेत. नंतर आणू म्हणाल तर तसंच सूत पुन्हा मिळेलच असं नाही.

७. विणायला घ्या

नमुना साधा घ्या. जाड-बारीक सुतात नक्षी हरवते. अननस, मोर वगैरे प्रकार गिरणीच्या गुळगुळीत दोऱ्यासाठीच ठेवा. मुके खांब, किंवा एक मुका खांब-एक साखळी अशी आलटून-पालटून वीण यात सुताचा पोतच पुढे येतो आणि तेच तर बघायचं आहे.

गोळा भांड्यात ठेवून बाहेरच्या टोकाने विणा. गोळ्याच्या आतून दोरा ओढला की प्रत्येक वेढ्यामागे पिळात फरक पडतो, आणि इतका खटाटोप करून बसवलेला पीळ पुन्हा बिघडतो.

दोन गुंड्यांच्या रंगात फरक असतो, कापसाचा पांढराही एक नसतो. दोन गोळे घेऊन दोन ओळी एकाच्या, दोन दुसऱ्याच्या असं विणलं की फरक मिसळून जातो. नाहीतर रुमालाच्या मधोमध सरळ रेघ दिसते.

जोड: लोकरीची दोन टोकं चार बोटं उसवून एकमेकांवर ठेवा, ओली करा आणि तळहातात जोरात चोळा. तंतू एकमेकांत अडकतात, गाठ लागत नाही. सुती दोऱ्याला हे जमत नाही. त्याचं नवं टोक जुन्यासोबत सहा-सात टाके दुहेरी विणा आणि उरलेलं बोथट सुईने आत घ्या. गाठ मारून पुढे गेलात तर धुतल्यावर ती बरोबर उजव्या बाजूला वर येते.

काळी दख्खनी लोकर विणताना मांडीवर पांढरा पंचा टाका. टाके दिसतात, आणि झडणारे केसही साडीला लागत नाहीत. रात्री ट्यूबलाइटखाली काळं विणू नका, डोळे आणि टाके दोन्ही चुकतात.

सूत मधेच फार बारीक आलं तर ओढून-ताणून पुढे नेऊ नका. तिथे कापा, जोड द्या. जाड गाठोळी आली तर मात्र राहू द्या, ती हाताची खूण आहे.

८. विकायचा विचार असेल तर

वस्तू चांगली झाली की ओळखीचे लोक किंमत विचारू लागतात. त्यावर 'खादी' असा शिक्का मारू नका. वर म्हटल्याप्रमाणे खादी हे हातमागावर विणलेल्या कापडाचं नाव आहे, आणि २०१३ च्या खादी मार्क नियमांमुळे ते नाव विक्रीसाठी वापरायला प्रमाणपत्र लागतं. सुईवर विणलेली वस्तू त्यात बसत नाही, सूत कितीही अस्सल असलं तरी. 'हाताने कातलेल्या सुताचं क्रोशाकाम' असं लिहा. खाली सूत कुठून आणलं, किती पदरी आहे आणि कसं धुवायचं हे तीन ओळींत द्या. लोकरीच्या वस्तूवर 'मशीनमध्ये धुऊ नये' हे मोठ्या अक्षरात, नाहीतर पायपुसणं बशीएवढं होऊन परत येईल.